बावीस पॉइंट चार लिटर

बीएस्सी मी केमिस्ट्रीत केलं, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, आणि नोकरी आयुष्यभर कॉम्प्युटरमध्ये केली. मधल्या वीसेक वर्षांत केमिस्ट्रीतलं माझ्याजवळ फारसं काही उरलं नाही. चार-सहा क्षारांची नावं, दोन-तीन वास आणि एक आकडा. कुठल्याही वायूचा एक मोल, म्हणजे त्याच्या कणांची एक ठरलेली प्रचंड संख्या, बावीस पॉइंट चार लिटर जागा व्यापतो. वायूचे लिटर दिले असतील तर बावीस पॉइंट चारने भागायचं, मोल मिळतात. मोल दिले असतील तर गुणायचं, लिटर मिळतात. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं. त्या आकड्यासोबत 'एनटीपीला' असं म्हणायची पद्धत होती, म्हणजे तापमान शून्य अंश आणि दाब एक वातावरण असताना. आम्ही ते म्हणायचो, पण नावाआधी 'श्री' लावावं तसं. त्यालाही काही अर्थ आहे हे मी विसरून गेलो होतो.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, पार्सिपनीला राहत होतो. आमच्या ओळखीची सगळी कुटुंबं माझ्यासारखीच, पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेली, सॉफ्टवेअरमधली. पण त्यांच्यात केमिस्ट्री शिकलेला मी एकटाच होतो. पॉटलकला, म्हणजे प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येणाऱ्या जेवणाला, कोणीतरी म्हणायचं, "याला विचारा यार, हा आमचा शास्त्रज्ञ. चुकून कीबोर्डवर बसलाय." लोक हसायचे, मीही हसायचो. मला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

मुलगी पंधरा वर्षांची होती, दहावीत. २००५ चा फेब्रुवारी चालू होता. त्या वर्षी तिला केमिस्ट्री होती आणि तिला ती मनापासून आवडत होती. पुढच्या वर्षी एपी केमिस्ट्री घ्यायची असं तिने आणि तिच्या लॅब पार्टनरने ठरवून टाकलं होतं. एपी म्हणजे शाळेतच घेतला जाणारा कॉलेजच्या दर्जाचा वर्ग. त्याला नुसते मार्क पुरत नाहीत, शिक्षिकेची शिफारस लागते. या मुलीला पुढे जाऊ द्या, असं बाईंनी फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. तिची लॅब पार्टनर एक कोरियन मुलगी होती, शांत आणि अतिशय नीटस. मी तिला दोनदाच पाहिलं.

एका रविवारी दुपारी मुलगी रिपोर्ट लिहायला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बायको इंडियन ग्रोसरीला गेली होती. प्रयोग साधा होता. मॅग्नेशियमच्या फितीचा लहानसा तुकडा वजन करून घ्यायचा, तो ॲसिडमध्ये टाकायचा आणि निघणारा हायड्रोजन पाण्यात उलट्या धरलेल्या काचेच्या नळीत गोळा करायचा. फितीच्या वजनावरून मोल कळतात, नळीवरच्या खुणांवरून वायूचं आकारमान. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की एका मोलाचं आकारमान निघतं. प्रयोग जोडीने करायचा, रीडिंग दोघींचं एकच, पण रिपोर्ट ज्याचा त्याने लिहायचा.

मी चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी बसलो. तिने बोलावलं नव्हतं.

"दाखव," मी म्हणालो. फितीचं वजन शून्य पॉइंट शून्य तीन सहा ग्रॅम. नळीतला वायू छत्तीस पॉइंट सहा मिलिलिटर. मी भागाकार केला. एका मोलाला चोवीस पॉइंट सात लिटर.

"नळी नीट वाचली होती का?"

"येस. दोघींनी वाचली. टू टाइम्स."

"मग उत्तर कसं चुकलं?"

"चुकलं नाहीये, बाबा. अजून करेक्शन करायचंय. रूम ट्वेंटी-टू डिग्रीज होती. आणि वॉटर व्हेपरचं प्रेशर मायनस करतात. देअर इज अ टेबल." तिने हँडआउटचं मागचं पान उघडून माझ्याकडे सरकवलं.

मी ते पान पाहिलं नाही. पुढे हे मला जितक्या वेळा आठवलं तितक्या वेळा मी स्वतःला सांगून पाहिलं की घाईत होतो, चष्मा वर राहिला होता. पण घाई नव्हती आणि चष्मा डोळ्यांवर होता. पंधरा वर्षांच्या मुलीने मला केमिस्ट्रीतलं पान दाखवावं हे मला रुचलं नाही, एवढंच.

"एवढ्याशा नळीत तापमानाने काय फरक पडणार? मोल म्हणजे बावीस पॉइंट चार. हे जगात कुठेही जा, तेच."

"बट इट वॉजन्ट झीरो डिग्रीज इन देअर."

"अगं, मी तीन वर्षं हेच केलंय."

हे खरं होतं. तीन वर्षं मी हेच केलं होतं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटच्या, म्हणजे खुणा केलेल्या मापनळ्यांच्या, तोट्या गळायच्या, आणि एका तराजूवर बारा जणांचा नंबर लागायचा. प्रयोग पूर्ण होईपर्यंत तास संपायचा. मग आम्ही उत्तरावरून मागे जायचो. उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात असायचं, त्यावरून रीडिंग काढायचं आणि जर्नलमध्ये शाईने लिहायचं. टायट्रेशनला एकसारखी तीन रीडिंग लागायची. मी पहिलं घ्यायचो आणि उरलेली दोन ब्युरेटकडे न बघता लिहायचो. नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट आठ. सर सही करायचे. त्यांनीही तसंच केलं असणार. याला आम्ही खोटं म्हणत नव्हतो. 'रीडिंग जमवणं' म्हणत होतो, आणि ज्याला ते चटकन जमायचं तो हुशार. मी हुशार होतो.

पिझ्झाच्या एका कुपनच्या पाठीवर मी उलटं गणित केलं. मोल गुणिले बावीस पॉइंट चार. तेहतीस पॉइंट दोन मिलिलिटर.

"हे लिही. थर्टी-थ्री पॉइंट टू."

"पण आम्हाला ते आलं नाही."

"तुमचं वाचायला चुकलंय. बरोबर उत्तर माहीत असताना चुकीचं रीडिंग कशाला द्यायचं?"

"इज दॅट अलाउड?"

"सगळे करतात."

तिने पेन्सिल उलटी धरली. "आर यू शुअर, बाबा?"

"शुअर."

तिने खोडलं. खोडरबराचे कण फुंकून टाकले आणि मी सांगितलेला आकडा तिथे लिहिला. करेक्शनची गरजच उरली नाही, ते रकाने मी तिला रिकामे ठेवायला लावले. शेवटी एक भाग होता, त्याचं नाव 'सोर्सेस ऑफ एरर'. प्रयोगात चूक कुठे कुठे झाली असेल ते लिहायचं. आमच्या जर्नलमध्ये असा भाग नसायचा. आमच्याकडे निष्कर्ष असायचा आणि त्याखाली सही.

"इथे काय लिहू?"

"चूक आहेच कुठे? उत्तर तर बरोबर आलंय."

तिने 'नन', म्हणजे एकही नाही, असं लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी शाळेचं पाकीट आलं. आत तिचा रिपोर्ट होता, वर लाल शाईत शून्य, आणि एक फॉर्म. मुलीने प्रयोगातली आकडेवारी बदलली आहे असं त्यात म्हटलं होतं. कारणं दोन दिली होती. एक, जोडीदारणीचं रीडिंग छत्तीस पॉइंट सहा आहे. दुसरं कारण मी तीनदा वाचलं. खोलीचं तापमान बावीस अंश होतं असं विद्यार्थिनीनेच नोंदवलं आहे, आणि त्या तापमानाला एवढा हायड्रोजन तेहतीस पॉइंट दोन मिलिलिटरमध्ये मावू शकत नाही. म्हणजे आकडा बरोबर आला होता म्हणूनच ती पकडली गेली होती. खाली एक ओळ होती: या परिस्थितीत एपी केमिस्ट्रीसाठी शिफारस करता येणार नाही.

तो फॉर्म बायकोने आधी वाचला. ऑफिसातून नुकतीच आली होती, अंगावर कोट तसाच होता. मी फ्रिजपाशी उभा होतो.

"आकडे बदललेस? कशासाठी गं? चार मार्कांसाठी?"

मुलीने दप्तराची चेन लावली.

"मी विचारतेय तुला. आपल्या घरात कोणी कधी असलं काही केलंय? अडत होतं तर विचारायचंस. घरात डिग्रीवाला माणूस बसलाय केमिस्ट्रीचा, त्याला विचारायला तुला लाज वाटली, आणि हे करायला नाही वाटली?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कोणी बोलायला सुरुवात करणार असलं की आपण त्याच्याकडे पाहतो, तसं. मी सुरुवात केली नाही. मग तिने मान वळवली आणि म्हणाली, "सॉरी, आई."

"सॉरी मला नको म्हणूस."

तेव्हा मी बोललो. मी म्हणालो, "जाऊ दे आता. लहान आहे ती."

म्हणजे मी तिला माफ केलं. बायकोला माझा समजूतदारपणा पटला नसावा, पण तिने कोट काढून खुंटीला अडकवला. फॉर्मवर पालकांच्या अभिप्रायासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. बायको म्हणाली, तुमचं इंग्रजी बरं आहे, तुम्ही लिहा. मी लिहिलं: आम्ही मुलीशी बोललो आहोत. पुन्हा असं होणार नाही. खाली सही केली, तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते गणित नीट करून पाहिलं. वाफेचा दाब वजा केला, तापमान शून्यावर आणलं. छत्तीस पॉइंट सहाचे तेहतीसला जरा कमी झाले आणि एका मोलाला बावीस पॉइंट तीन लिटर आले. मॅग्नेशियम, ॲसिड आणि शाळेतली एक नळी घेऊन इतकं जवळचं उत्तर माझ्या तीन वर्षांत मला एकदाही आलं नव्हतं. पोरींनी नळी अगदी बरोबर वाचली होती.

म्हणजे त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं. तरी मी तीन आठवडे काही केलं नाही. कारणं माझ्याकडे होती. एका रिपोर्टने काय होतंय, शून्य पुढे झाकलं जाईल, मी मध्ये पडलो तर बाई वडिलांनाही खोटारडं समजतील आणि मुलीचं आणखी नुकसान होईल. यातलं शेवटचं तर मी जवळजवळ तिच्याच भल्याचं म्हणून स्वतःला पटवलं होतं. त्या तीन आठवड्यांत एक पॉटलक झालं. एका मित्राने आपल्या मुलाला मोल म्हणजे काय ते मला विचारायला सांगितलं. मी त्याला डझनाचं उदाहरण देऊन समजावलं. माझी मुलगी समोरच्या सोफ्यावर ताटलीतला पुलाव खात होती. तिने वर पाहिलं नाही.

मार्चमध्ये पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आला. तिने तो भरून माझ्यासमोर ठेवला. "साइन हियर." केमिस्ट्रीच्या जागी तिने पर्यावरणाचा एक विषय लिहिला होता.

"हे काय? केमिस्ट्री नको?"

"रेकमेंडेशन नाहीये ना."

"बाईंना पुन्हा विचारून बघितलंस का?"

"नो."

"का नाही?"

ती पेनचं टोपण काढत-घालत राहिली. मग म्हणाली, "माझा नंबर बरोबर होता, बाबा. आय हॅड द राइट नंबर. आणि मीच तो खोडला."

मी सही केली नाही. उद्या करतो म्हणालो. तिने खांदे उडवले आणि फॉर्म तिथेच ठेवून वर गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तासभर सुट्टी घेऊन मी शाळेत गेलो. काय बोलायचं ते गाडीत दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. बाई पन्नाशीच्या पुढच्या, केसांत पेन्सिल खोचलेली. लॅबमध्येच एका उंच स्टुलावर बसून सँडविच खात होत्या. खोलीला आमच्या कॉलेजच्या लॅबसारखाच वास होता. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. आकडा मी बदलायला लावला, ती नको म्हणत होती, करेक्शनचं पान तिने मला दाखवलं होतं, मी पाहिलं नाही. 'सोर्सेस ऑफ एरर'पुढचं उत्तरसुद्धा माझंच आहे.

त्यांनी सँडविच कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"मी तिला विचारलं होतं, घरी कोणी मदत केली का," त्या म्हणाल्या. "ती नाही म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली."

मला हे माहीत नव्हतं.

"मला एक सांगा. तुम्ही एखादी गोष्ट सांगितली, तर ती तुम्हाला नाही म्हणू शकते?"

"ऑफ कोर्स," असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि त्या रविवारी तिने मला किती वेळा नाही म्हटलं होतं ते मोजू लागलो. चारदा तरी. प्रत्येक वेळी प्रश्नाच्या किंवा माहितीच्या रूपात, मला लागू नये अशा बेताने. बाईंनी वाट पाहिली आणि मग विषय बदलला. शून्य बदलणार नाही, त्या म्हणाल्या, कारण कागदावर नाव तिचं आहे. पण तिने एखाद्या दुपारी शाळा सुटल्यावर एकटीने प्रयोग पुन्हा केला, तर शिफारशीचा विचार करता येईल. "एकटीने," त्यांनी पुन्हा म्हटलं. मी आभार मानले. निघताना त्यांनी हात पुढे केला नाही, पण दार उघडून धरलं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होती. मी बसलो नाही, उभ्याउभ्याच सांगितलं. माझं झाल्यावर म्हणाली, "मी तिला तुमचं उदाहरण दिलं. तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

"आणि वर तुम्ही म्हणालात, लहान आहे, जाऊ दे."

"हो."

"आणि मी तुमच्याकडे फॉर्म दिला लिहायला. तुमचं इंग्रजी बरं म्हणून."

तिने हातातली काडी ठेवली, हात पुसले आणि वर मुलीच्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. अर्धी जुडी तशीच पडली होती, ती मी निवडली. नंतर काही सुचलं नाही म्हणून धुऊनही ठेवली. वर काय बोलणं झालं ते मला दोघींपैकी कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जेवायला दोघी एकदम खाली आल्या. बायकोचे डोळे लाल होते, मुलीचे नव्हते. जेवताना मी मुलीला म्हणालो, मी बाईंना भेटून आलो. काय सांगितलं तेही सांगितलं.

"ओके," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "यू डिडन्ट हॅव टू टेक टाइम ऑफ फॉर दॅट."

"तुझी चूक नव्हती ती."

"थोडी होती," ती म्हणाली आणि आईकडे लोणचं मागितलं.

एका गुरुवारी तिने प्रयोग पुन्हा केला. मी तिला घ्यायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर कसं झालं विचारलं, तर "फाइन" म्हणाली. आकडा विचारायचा मोह मला झाला. विचारला नाही. शिफारस मिळाली, विषयांच्या फॉर्मवर तिने पर्यावरण खोडून केमिस्ट्री लिहिलं आणि मी सही केली. पुढच्या वर्षी त्या दोघी मैत्रिणी एपीच्या वर्गात शेजारी बसल्या. पण त्यानंतर केमिस्ट्रीचं एकही पान तिने खालच्या टेबलावर आणलं नाही. गणित आणायची, इतिहासाचे निबंध मला वाचायला द्यायची. केमिस्ट्री वरच्या खोलीत, दार लावून. पॉटलकला कोणी मला शास्त्रज्ञ म्हटलं की मी सांगू लागलो, मला काही आठवत नाही हो, मुलीला विचारा. लोकांना तो विनय वाटायचा.

२००७ च्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला निघाली. हॉलमध्ये खोकी पसरलेली होती. त्यातलं एक उघडं खोकं शाळेच्या जुन्या कागदांचं होतं, आणि वरच तो दुसऱ्यांदा केलेला रिपोर्ट. नळीचं रीडिंग पस्तीस पॉइंट चार. तापमान एकवीस अंश. सगळे रकाने भरलेले. एका मोलाचं आकारमान बावीस पॉइंट एक लिटर. 'सोर्सेस ऑफ एरर'खाली चार ओळी होत्या. फीत घासून पूर्ण चकचकीत झाली नव्हती. नळीच्या काचेला आतून एक बुडबुडा चिकटून राहिला. वाचताना माझी नजर खुणेच्या थोडी वर होती. पाण्याचं तापमान आणि खोलीचं तापमान एकच धरलं आहे, ते एकच असेल असं नाही.

त्याखाली पहिला रिपोर्ट होता, शून्यवाला. तेहतीस पॉइंट दोनच्या मागे खोडलेले छत्तीस पॉइंट सहा अजून वाचता येत होते. खोडरबराने ते पूर्ण गेले नव्हते.

ती जिन्यावरून उशी घेऊन उतरत होती. "बाबा, ते खोकं रीसायकलला नाही हं. ते ठेवायचंय."

"सगळं?"

"सगळं."

मी दोन्ही रिपोर्ट होते त्याच क्रमाने आत ठेवले, खोक्याला टेप लावली आणि गराजमधल्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं.